साठावं मत गेलं तेव्हा : ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याचं एक प्रकरण

१९ जानेवारी २०१० च्या रात्री अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सिनेटच्या एका पोटनिवडणुकीचा निकाल लागला. रिपब्लिकन पक्षाच्या स्कॉट ब्राउन यांना सुमारे ५२ टक्के मतं मिळाली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या मार्था कोकली यांना ४७. ही जागा टेड केनेडी यांची. १९६२ पासून मरेपर्यंत ती त्यांच्याकडे होती. सर्वांना आरोग्यविमा मिळावा यासाठी त्यांनी हयात घालवली. त्यांच्या जागेवर निवडून आलेला माणूस मात्र अध्यक्ष ओबामांचं आरोग्यविम्याचं विधेयक अडवण्याचं वचन देऊन जिंकला होता. प्रचारात सह्या देताना ब्राउन नावापुढे ४१ हा आकडा लिहीत. सिनेटमधलं विरोधातलं एक्केचाळिसावं मत, असा त्याचा अर्थ.

‘ओबामाकेअर’वर, म्हणजे त्या विधेयकातून झालेल्या कायद्यावर, भांडणं खूप झाली आहेत. सरकारने किती हात घालावा, विमा सक्तीचा करावा का, खर्च कोणी सोसावा, हे वाद अजून संपलेले नाहीत. माझं म्हणणं त्याहून छोटं आहे. या कायद्यात ज्या फटी राहिल्या, त्यांतल्या सगळ्यात महागात पडलेल्या फटी मतांच्या मोजणीतून आल्या, आणि त्या रात्रीनंतरच्या दोन महिन्यांत त्या बुजवायची संधी गेली. त्या फटींत जी माणसं अडकली, ती वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही वाटाघाटीत नव्हती.

आधीची घडी

अमेरिकेत विमा नोकरीला बांधलेला आहे आणि त्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, तेव्हा माणसं टिकवण्यासाठी कंपन्यांनी विमा देऊ केला. पुढे १९५४ च्या करकायद्याने या विम्यावरची करसवलत पक्की केली. १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी ६५ वर्षांवरच्यांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड आणलं. या दोहोंच्या मधे उरले ते स्वतःचा धंदा करणारे, छोट्या दुकानांतले नोकर, अर्धवेळ काम करणारे आणि दोन नोकऱ्यांच्या मधे अडकलेले. २००८ मध्ये विमा नसलेल्यांची संख्या ४ कोटी ६० लाखांच्या घरात होती.

स्वतःहून विमा घ्यायला जावं तर कंपनी आधी आजारांची जंत्री मागे. मधुमेह, दमा, दहा वर्षांपूर्वी बरा झालेला कर्करोग, यांपैकी काहीही निघालं तर नकार तरी मिळे, नाहीतर न परवडणारा हप्ता. न्यू जर्सीतल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांना हे वेगळं सांगायला नको. ग्रीन कार्डवर आईवडिलांना कायमचं बोलावलं तरी पहिली पाच वर्षं त्यांना मेडिकेअर विकतही मिळत नाही. सत्तरीतल्या, साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या माणसाला कुठली खाजगी कंपनी दारात उभं करणार? २०१४ पासून अशा आईवडिलांना नव्या बाजारात विमा घेता येऊ लागला. या कायद्याबद्दल माझं मन कोरडं राहू शकत नाही, त्याचं हे एक कारण.

उपायाचं तर्कशास्त्र मात्र सरळ होतं. आजारी माणसाला नकार द्यायचा नाही, असा नियम केला की लोक आजारी पडल्यावरच विमा घेतात आणि हप्ते भडकतात. म्हणून विमा सर्वांना सक्तीचा. सक्ती केली की ज्यांना परवडत नाही त्यांना अनुदान द्यावंच लागतं. यातला एक भाग काढला की उरलेले दोन डळमळतात. हेच सूत्र मॅसॅच्युसेट्समध्ये २००६ साली रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांनी राबवलं होतं आणि सहीच्या समारंभाला खुद्द टेड केनेडी हजर होते. सक्तीची कल्पना त्याआधी १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने मांडली होती. ओबामांनी २००८ च्या पक्षांतर्गत लढतीत हिलरी क्लिंटन यांच्या विरोधात सक्तीला नकार दिला होता. सत्तेवर आल्यावर त्यांनी ती स्वीकारली. रिपब्लिकनांच्याच घरातली कल्पना घेतली तर त्यांची काही मतं मिळतील, हा हिशेब त्यात होता. अंतिम कायद्याला त्यांचं एकही मत मिळालं नाही.

साठचं गणित

सिनेटमध्ये सदस्य १००. साधं बहुमत ५१ चं. पण चर्चा ताणून धरून विधेयक अडवण्याची तिथे मुभा आहे, तिला फिलिबस्टर म्हणतात, आणि ती मोडायला ६० मतं लागतात. २००९ च्या सुरुवातीला डेमोक्रॅटांकडे ६० नव्हती. एप्रिलमध्ये पेनसिल्व्हेनियाचे अर्लेन स्पेक्टर रिपब्लिकन पक्ष सोडून आले. मिनेसोटात फेरमोजणी आणि कोर्टबाजी होऊन अल फ्रँकन ३१२ मतांनी विजयी ठरले आणि जुलैमध्ये त्यांनी शपथ घेतली. तोवर केनेडी मेंदूच्या गाठीने अंथरुणाला खिळलेले. २५ ऑगस्टला ते गेले.

रिकामी जागा गव्हर्नरने तात्पुरती भरायची पद्धत मॅसॅच्युसेट्समध्ये होती. रॉम्नी गव्हर्नर असताना, २००४ मध्ये, तिथल्या डेमोक्रॅटांनीच ती रद्द केली होती, रिपब्लिकन माणूस नेमला जाईल या भीतीने. आता सप्टेंबर २००९ मध्ये त्यांनी घाईघाईने ती परत आणली आणि पॉल कर्क यांची नेमणूक झाली. म्हणजे पूर्ण ६० ची फळी उभी राहिली ती सप्टेंबरअखेर, आणि ती टिकली चार महिने.

साठपैकी साठ मतं लागतात तेव्हा प्रत्येक मताला नकाराधिकार मिळतो. कनेक्टिकटच्या जो लीबरमन यांनी सरकारी विमा योजना, म्हणजे पब्लिक ऑप्शन, असेल तर मत देणार नाही असं सांगितलं. ती गेली. तिच्या बदल्यात ५५ वर्षांवरच्यांना मेडिकेअर विकत घेऊ द्यावं, असा तोडगा निघाला. तोही लीबरमन यांनी नाकारला, तोही गेला. नेब्रास्काच्या बेन नेल्सन यांनी आपल्या राज्यात मेडिकेड जास्त लोकांपर्यंत नेण्याचा सगळा खर्च केंद्राने कायमचा उचलावा, अशी सोय पदरात पाडून घेतली. या एका सौद्याने जितकी बदनामी झाली तितकी कायद्यातल्या कुठल्याच कलमाने झाली नसेल. सामान्य मतदाराला विम्याची गुंतागुंत कळत नाही, पण सौदा बरोबर कळतो.

माझ्या मते खरा वेळ हरवला तो मात्र त्याआधीच्या उन्हाळ्यात. अर्थसमितीचे अध्यक्ष मॅक्स बॉकस तीन डेमोक्रॅट आणि तीन रिपब्लिकन अशा सहा जणांची बैठक लावून बसले होते. दोन्ही पक्षांची सही मिळावी ही इच्छा वाईट नव्हती. पण महिने गेले, मसुदा आला नाही, आणि ऑगस्टमध्ये खासदार मतदारसंघांत गेले तेव्हा त्यांच्या हातात सांगण्यासारखं काही नव्हतं. ती पोकळी दुसऱ्यांनी भरली. मरणाच्या दारातल्या रुग्णाला कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, याबद्दल रुग्णाच्या इच्छेने बोलणाऱ्या डॉक्टरला त्या वेळेचे पैसे मिळावेत, असं एक साधं कलम प्रतिनिधीगृहाच्या, म्हणजे संसदेच्या दुसऱ्या सभागृहाच्या, मसुद्यात होतं. २००८ मध्ये रिपब्लिकनांच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या सेरा पेलिन यांनी ७ ऑगस्टला फेसबुकवर ‘डेथ पॅनल’, म्हणजे कोणी जगायचं ते ठरवणारी समिती, हा शब्द वापरला आणि म्हातारी माणसं सभांमधून विचारू लागली की सरकार आम्हाला मारणार का. ते कलम शेवटच्या कायद्यात आलंच नाही. याच सल्ल्याचे पैसे मेडिकेअर २०१६ पासून देतं आहे आणि त्यावर कोणी आवाज केला नाही.

प्रतिनिधीगृहाने आपलं विधेयक ७ नोव्हेंबरला २२० विरुद्ध २१५ मतांनी मंजूर केलं. सिनेटने आपलं २४ डिसेंबरला सकाळी सातला, ६० विरुद्ध ३९. नाताळच्या आदल्या दिवशी सिनेटमध्ये मतदान होण्याची १८९५ नंतरची ती पहिली वेळ. ९२ वर्षांचे रॉबर्ट बर्ड चाकाच्या खुर्चीतून आले आणि हे माझ्या मित्रासाठी, टेड केनेडींसाठी, असं म्हणून त्यांनी होकार दिला.

आता इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे. ही दोन विधेयकं वेगवेगळी होती, आणि कायदा व्हायला दोन्ही सभागृहांनी एकच मसुदा मंजूर करावा लागतो. विमा विकण्याच्या बाजाराला, म्हणजे एक्स्चेंजला, प्रतिनिधीगृहाने देशभर एकच ठेवलं होतं आणि राज्यांना हवं तर स्वतःचं काढायची मोकळीक दिली होती. सिनेटने उलटं केलं : प्रत्येक राज्याने आपलं एक्स्चेंज उभारावं, नाही उभारलं तर केंद्र उभारेल. मेडिकेड मिळण्यासाठीची उत्पन्नाची मर्यादा एकाकडे दारिद्र्यरेषेच्या १५० टक्के, दुसऱ्याकडे १३३. पैसा कुठून आणायचा याबद्दलही मतभेद. जानेवारीत व्हाइट हाउसमध्ये दोन्ही बाजू रात्र रात्र बसून एक मसुदा जुळवत होत्या. म्हणजे सिनेटचं विधेयक सगळ्यांच्याच लेखी कच्चं होतं. शेवटचा हात नंतर फिरवायचा, हे गृहीत धरलेलं.

आणि मग मॅसॅच्युसेट्सचा निकाल आला.

त्या रात्रीनंतर

ब्राउन का जिंकले? मंदी होती, नोकऱ्या जात होत्या, कोकलींचा प्रचार सुस्त होता, नेब्रास्काच्या सौद्याचा लोकांना राग होता. पण मला सगळ्यात बोचतं ते दुसरंच कारण. मॅसॅच्युसेट्सच्या लोकांकडे २००६ पासून विमा होता. देशाच्या कायद्यातून त्यांना नवं फार थोडं मिळणार होतं. ज्यांचा प्रश्न सुटला होता त्यांच्या मतावर, ज्यांचा सुटला नव्हता त्यांचं भवितव्य ठरलं. ब्राउन यांनी ते उघडपणे मांडलंही : आमच्याकडे विमा आहे, दुसऱ्या राज्यांसाठी आम्ही का पैसे मोजायचे? हा युक्तिवाद रिपब्लिकनांच्या सगळ्या विरोधाचं सार नव्हे. मेडिकेअरमधून दहा वर्षांत काढले जाणारे शेकडो अब्ज डॉलर, व्यक्तीवर विमा घेण्याची सक्ती, बंद दाराआडचे सौदे, हे त्यांचे आक्षेप गंभीर होते आणि लाखो लोकांना ते मनापासून पटत होते.

निकालानंतर डेमोक्रॅट कात्रीत सापडले. ब्राउन यांच्या शपथेआधी घाईने मतदान उरकावं, हा पहिला विचार. खुद्द ओबामांनी तो बाजूला सारला, मतदारांचा कौल असा गिळू नये म्हणून. लहान मुलं आणि छोटे धंदे यांच्यापुरतं छोटं विधेयक करावं, असं व्हाइट हाउसचे मुख्याधिकारी रॅम इमॅन्युएल यांचं मत. तिसरी वाट एखाद्या रिपब्लिकनाला वळवण्याची : मेन राज्याच्या ऑलिंपिया स्नो या एकट्या रिपब्लिकन सिनेटरने समितीत होकार दिला होता, पण पुढे त्या दूर झाल्या होत्या. उरली ती चौथी वाट : प्रतिनिधीगृहाने सिनेटचं कच्चं विधेयक स्वल्पविरामही न बदलता मंजूर करायचं. एक शब्द जरी बदलला तरी ते पुन्हा सिनेटमध्ये जाणार आणि तिथे आता ६० नव्हते.

सभापती नॅन्सी पेलोसी यांनी निकालानंतर दोन दिवसांनी स्पष्ट सांगितलं की आहे तसं ते विधेयक मंजूर करायला माझ्याकडे मतं नाहीत. छोट्या विधेयकालाही त्यांचा ठाम नकार होता. मला त्यांचा निर्णय बरोबर वाटतो. वर सांगितलेलं सूत्र आठवा : नकार देऊ नका एवढंच मुलांपुरतं केलं असतं तर बाकीचं सगळं पुढच्या पिढीवर गेलं असतं. १९९४ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांची योजना कोसळल्यावर हा विषय पुन्हा हातात घ्यायला पंधरा वर्षं लागली होती.

तोडगा निघाला तो अंदाजपत्रकाच्या नियमांतून. १९७४ च्या कायद्याने रिकन्सिलिएशन नावाची एक वाट ठेवली आहे. त्या वाटेने जाणाऱ्या विधेयकावर फिलिबस्टर चालत नाही, साधं बहुमत पुरतं. अट अशी की त्यात फक्त सरकारच्या जमाखर्चाशी थेट संबंध असलेली कलमं असावीत. ही अट घालणारा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते सिनेटर म्हणजे रॉबर्ट बर्डच. १९९३ मध्ये क्लिंटन यांना त्यांनी याच वाटेने आरोग्य विधेयक नेऊ दिलं नव्हतं. आता ठरलं ते असं : आधी सिनेटचं विधेयक जसंच्या तसं, आणि लगेच दुसरं छोटं, जमाखर्चाच्या दुरुस्त्यांचं, रिकन्सिलिएशनमधून.

हे कागदावर सोपं, प्रत्यक्षात विश्वासाची परीक्षा. प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांनी नेब्रास्काच्या सौद्यासकट विधेयकाला आधी होकार द्यायचा आणि सिनेट नंतर शब्द पाळेल यावर भरवसा ठेवायचा. दोन सभागृहांमधला हा अविश्वास पक्षांमधल्या वैराइतकाच जुना आहे. सिनेटच्या विधेयकावर वेगळं मतदान न घेता ते मंजूर झालं असं मानून घ्यावं, अशीही युक्ती पुढे आली आणि टीका झाल्यावर सोडून द्यावी लागली. सोडली ते बरं झालं.

फेब्रुवारीत वारं थोडं फिरलं. कॅलिफोर्नियात अँथम ब्लू क्रॉस या कंपनीने वैयक्तिक विम्याचे हप्ते ३९ टक्क्यांपर्यंत वाढवण्याची घोषणा केली आणि पाठ्यपुस्तकात द्यावं असं उदाहरण ओबामांना आयतं मिळालं. २५ फेब्रुवारीला त्यांनी ब्लेअर हाउसमध्ये दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून दिवसभर जाहीर चर्चा केली. मतं बदलली नाहीत. पण आपल्या पक्षातल्या कचरणाऱ्यांना दिसलं की अध्यक्ष मागे हटत नाहीत.

२१ मार्च, रविवार. रात्री उशिरा प्रतिनिधीगृहाने सिनेटचं विधेयक २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर केलं. सगळे रिपब्लिकन विरोधात, शिवाय ३४ डेमोक्रॅट. २३ तारखेला ओबामांनी सही केली. दुरुस्त्यांचं विधेयक सिनेटने २५ तारखेला ५६ विरुद्ध ४३ मतांनी संमत केलं. त्यातूनही विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीबद्दलच्या दोन किरकोळ तरतुदी बर्ड नियमात बसत नाहीत म्हणून निघाल्या आणि तेवढ्यासाठी प्रतिनिधीगृहाला पुन्हा मतदान करावं लागलं. दोन ओळींसाठी किती काटेकोर पाहिलं जातं ते इथे दिसतं. नेब्रास्काची सवलत गेली, अनुदानं थोडी वाढली. बाकी कायदा राहिला तो डिसेंबरचा कच्चा मसुदाच.

कच्च्या मसुद्याची किंमत

अनुदान कसं मोजायचं हे सांगणाऱ्या करकायद्याच्या कलमात एक शब्दप्रयोग राहिला होता : ‘राज्याने स्थापन केलेल्या’ एक्स्चेंजमधून घेतलेला विमा. प्रत्येक राज्य आपलं एक्स्चेंज काढेल असं लिहिणाऱ्यांनी धरून चाललं होतं. प्रत्यक्षात ३४ राज्यांत केंद्राचं एक्स्चेंज चाललं. मग विरोधकांनी विचारलं, तिथे राज्याने काही स्थापनच केलेलं नाही, तर अनुदान कसं? अक्षरशः वाचलं तर त्यांचं म्हणणं खोडणं कठीण होतं. चौसष्ट लाख माणसांचं अनुदान इंग्रजीतल्या या चार शब्दांवर टांगलं गेलं.

२५ जून २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किंग विरुद्ध बर्वेल खटल्यात ६ विरुद्ध ३ मतांनी अनुदान वाचवलं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी निकालपत्रात लिहिलं की या कायद्यात ढिसाळ मसुदालेखनाची उदाहरणं बरीच आहेत, आणि त्याचं कारणही नोंदवलं : महत्त्वाचे भाग बंद दाराआड लिहिले गेले, आणि नेहमीची वाट सोडून रिकन्सिलिएशनचा आधार घेतल्यामुळे चर्चा आणि दुरुस्तीला वाव कमी राहिला. दोन विधेयकं जुळवली गेली असती तर प्रतिनिधीगृहाच्या देशव्यापी एक्स्चेंजशी सांगड घालताना हा शब्दप्रयोग कुणाच्या तरी डोळ्यांखालून नक्की गेला असता, असं मला वाटतं.

एरवी असे दोष पुढच्या वर्षी एखाद्या साध्या दुरुस्ती विधेयकाने निघतात. मेडिकेअरच्या कायद्यात किती तरी वेळा झालंय. पण नोव्हेंबर २०१० मध्ये डेमोक्रॅटांनी प्रतिनिधीगृहातल्या ६३ जागा गमावल्या आणि नव्या बहुमताला दुरुस्ती नको होती, रद्दीकरण हवं होतं. ते मतदान त्यांनी पुढच्या काही वर्षांत पन्नासहून अधिक वेळा घेतलं. २८ जुलै २०१७ च्या पहाटे सिनेटमध्ये शेवटचा मोठा प्रयत्न जॉन मॅककेन यांच्यासह तीन रिपब्लिकनांच्या विरोधामुळे ४९ विरुद्ध ५१ ने फसला. रिपब्लिकनही त्या वेळी रिकन्सिलिएशनचीच वाट वापरत होते आणि त्याच बर्ड नियमाने त्यांचेही हात बांधले होते.

कायद्याने दिलं ते खूप आहे. २०१६ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे दोन कोटींनी घटली. मुलं २६ वर्षांची होईपर्यंत आईवडिलांच्या विम्यात राहू लागली. जुना आजार म्हणून नकार देणं बंद झालं. म्हणूनच जे उरलं ते जास्त सलतं.

उरलं ते असं. कायद्यात अनुदान सुरू होतं दारिद्र्यरेषेपासून वर. खालच्यांना मेडिकेड मिळणार, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी सोय लिहिलीच नव्हती. २८ जून २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने सक्ती ‘कर’ म्हणून वैध ठरवली, पण मेडिकेड विस्तारासाठी राज्यांवर दबाव आणता येणार नाही, असंही ७ विरुद्ध २ ने ठरवलं. टेक्सास, फ्लोरिडा आणि इतर काही राज्यांनी विस्तार आजतागायत केलेला नाही. २०२५ मध्ये एकट्या माणसाची दारिद्र्यरेषा वर्षाला १५,६५० डॉलर होती. ह्यूस्टनमधल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, मुलं नसलेल्या दोन बायका धरा. एकीला वर्षाला १६,००० डॉलर मिळतात : तिला भरघोस अनुदान. दुसरीचे तास मालकाने कमी केले, तिला मिळतात १५,००० : तिला अनुदान नाही, आणि टेक्सासात मूल नसलेल्या धडधाकट प्रौढाला मेडिकेडही नाही. पगार कमी झाला म्हणून मदत गेली. अशी माणसं आज दहा लाखांहून जास्त आहेत आणि त्यांतली सर्वाधिक टेक्सासात.

हे बुजवायचा सगळ्यात गंभीर प्रयत्न २०२१ मध्ये झाला. प्रतिनिधीगृहाने नोव्हेंबरमध्ये मंजूर केलेल्या मोठ्या विधेयकात या लोकांना काही वर्षांसाठी अनुदान देण्याची तरतूद होती. सिनेटमध्ये तेव्हा दोन्ही बाजू ५०-५० वर होत्या, वाट पुन्हा रिकन्सिलिएशनची, आणि डेमोक्रॅटांना आपलं एकही मत गमावून चालणार नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन, म्हणजे बर्ड यांच्याच जागेवर आलेले सिनेटर, राजी झाले नाहीत. विस्तार करणाऱ्या आमच्यासारख्या राज्यांनी खर्चातला दहा टक्के वाटा उचलायचा आणि न करणाऱ्यांसाठी केंद्राने सगळा, हे अन्यायाचं आहे, असा त्यांचा एक आक्षेप होता. ऑगस्ट २०२२ मध्ये विधेयक छोटं होऊन मंजूर झालं. त्यात आधीच अनुदान मिळणाऱ्यांची वाढीव सवलत २०२५ अखेरपर्यंत पुढे नेली होती. दारिद्र्यरेषेखालच्यांची तरतूद त्यात नव्हती.